महानंदाक्काचे दोन प्रश्न

कर्नाटकातल्या, सीमेलगतच्या आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महानंदाक्का फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाली. दुसऱ्याच दिवशी तिनं पिशवीतून एक लोखंडी कडी, चार स्क्रू आणि एक पेचकस काढला आणि आपल्या खोलीच्या दाराला कडी बसवायला घेतली. स्टोअरचा माणूस धावत आला.

"मॅडम, हे काय करायलाव?"

"दिसत न्हाई व्हय? कडी बसवायलेय."

"तसं चालत न्हाई. अर्ज लागतोय, एस्टिमेट लागतंय, वरून मंजुरी यावी लागतीय."

"मग तुम्ही घाला अर्ज. मंजुरी आली की ही काढू, तुमची बसवू."

मंजुरी काही आली नाही. त्या खोलीला त्याआधी कडी नव्हती, कारण तिथं येणारे सगळे गुडघेवाले नाहीतर लकव्याचे. हात वर करायचा, पाय लांब करायचा, त्याला दार कशाला लावायचं? महानंदाक्कानं खोली पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की ह्या खोलीत कुठली बाई साडी वर करील? पण फिजिओथेरपीच्या खोलीत बाईनं साडी वर कशाला करायची, हेच कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी त्या दवाखान्याच्या हाताखालच्या वीस गावांतल्या आशाताईंच्या याद्या गोळा करते. कोण गरोदर, कोण बाळंत, कुणाची इंजेक्शनं राहिली, हे सगळं माझ्या वह्यांत असतं. वह्या नीट असतात. तेवढा एक गर्व मला होता, आणि तो तिनंच उतरवला. ते पुढं येईल.

अक्का उंच होती, चालणं असं की व्हरांड्यातली माणसं आपोआप भिंतीला लागायची. टेबलामागं ती कधी बसली नाही. टेबल भिंतीला सरकवून दिलं होतं आणि बाईच्या समोर स्टूल ओढून, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ ती बसायची. तिच्या भाषांची वाटणी ठरलेली होती. समजवायचं ते मराठीत, भांडायचं ते कन्नडात, आणि ऑफिसातल्या माणसाला टोमणा मारायचा तो दखनी उर्दूत, म्हणजे त्यालाही हसावं लागायचं. ती कन्नडात बोलायला लागली की शिपाई आधी बाहेर जायचा.

मंगळवार फक्त बायकांचा, असं तिनं जाहीर केलं. पहिले काही मंगळवार कुणी आलं नाही. मग एकेक यायला लागली, आणि प्रत्येकीची सुरुवात एकच.

"खाली दुखतंय."

"खाली म्हंजे कुठं?"

"खाली म्हंजे... खालीच."

"पाय बी खालीच हायत. पाय दुखतेत का?"

बाई पदर तोंडाला लावायची. अक्का थांबायची. घाई करायची नाही, पण सोडायचीही नाही. नावानिशी सांगितल्याशिवाय ती तपासायची नाही. लघवी कुठून होते, लेकरू कुठून आलं, शौच कुठून होतं, ह्या तीन वेगळ्या जागा आहेत हे चार लेकरांच्या आईला ती कागदावर चित्र काढून दाखवायची. मला हे सुरुवातीला क्रूर वाटायचं. एकदा मी म्हणाले, "अक्का, लाजतेत त्या." ती म्हणाली, "लाजू दे. लाज इथं दार लावून सांडली तर बरं. घरी घिऊन गेली तर आजार होतोय."

ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची झोळी असते, बाळंतपणात ती ताणते, फाटते, आणि तिला पुन्हा घट्ट करावं लागतं. हे शिकायला ती स्वतःच्या रजा घालून सोलापूरला जाऊन आली होती. पण शिकवायची मात्र आपल्या पद्धतीनं.

"लग्नात पंगतीला बसलीस. शेजारी व्याही बसलेत. पोटात वारा धरलाय. काय करतीस?"

बायका खो खो हसायच्या.

"हसू नको, सांग. अडवतीस की न्हाई? कसं अडवतीस? ते करून दाखव. आवळ, वर ओढ, धर. भाकर उलटायला जेवढा वेळ लागतोय तेवढं धर. आता सोड. सोडणं बी शिकायचंय. श्वास कोंडू नको. घागर उचलायच्या आधी आवळ, खोकायच्या आधी आवळ."

घरोघरी तव्यासमोर बसून बायका हे करायला लागल्या. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही, आणि अक्काला तेच हवं होतं.

तिला लेकरू नव्हतं. हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं, आणि एका म्हातारीनं ते तोंडावर काढलं. "तुला काय कळतंय बाळंतपणातलं? तुझी तर कूस उजवली न्हाई." अक्का म्हणाली, "माय, दाताच्या डॉक्टरला आधी कीड लागावी लागती व्हय? आडवी हो."

चिडायची ती दुसऱ्या गोष्टींवर. बाळंतिणीचं पोट लुगड्यानं करकचून बांधायची आपल्याकडची रीत आहे. तेल, शेक, शेपू, डिंक, ह्याला तिची ना नव्हती. "तुमच्या आईनं केलं ते चांगलंच केलं," म्हणायची. पण पोट आवळलेलं दिसलं की तिचा हात आधी गाठीकडं जायचा. "वरून एवढं दाबल्यावर आतलं कुठं जाणार? खालीच की." आणि दुसरी चीड चाळीस दिवसांची. चाळीस दिवस बाजेवरून पाय खाली ठेवू द्यायचा नाही, आणि एकेचाळीसाव्या दिवशी डोक्यावर पाण्याची घागर. तुरीचा हंगाम असला तर थेट रानात. "चाळीस दिवस राणी, मग बैल," ती म्हणायची. "मधी माणूस कवा असती बाई?"

आता गौराबाईचं सांगते.

गौराबाई माझ्या वीस गावांतल्या मादन हिप्परग्याची. साठीच्या आतबाहेरची, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आवाज रान हाकणारा. ती गुडघा घेऊन आली होती. अक्का तिचा गुडघा दाबत होती आणि गौराबाई सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. सून कावेरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली ती गेलीच. लेकरू बसायला लागलं तरी आणली नव्हती.

"कामून आणली न्हाई?"

"तिला वास येतोय," गौराबाई म्हणाली. "चुलीजवळ कसं बसवावं? लिंगपूजेचं घर हाय आमचं. लेकाला म्हणलं, ऱ्हाऊ दे तिकडंच. बघू पुढचं."

पुढचं म्हणजे लेकाचं दुसरं लग्न, ते आम्हा दोघींनाही कळलं. अक्काचा हात गुडघ्यावर थांबला.

"कशाचा वास, अव्वा?"

"मला काय माहीत? धरवत न्हाई म्हणं तिला. पुढचं बी, मागचं बी."

अक्का उठली, कडी लावली, पुन्हा बसली. मला वाटलं आता कन्नड सुरू होणार. पण ती मराठीतच, अगदी हळू म्हणाली, "आणि तुमचं, अव्वा? तुम्ही चालताना पाय फाकून टाकतांव. ते गुडघ्यानं न्हाई."

गौराबाई भिंतीवरच्या पोस्टरकडं बघत म्हणाली, "अंग बाहेर येतंय. धाकट्याच्या वक्तापासून. चिंधीची गुंडी करून आत बसवतंय, वरून लंगोट. वीस-बावीस वरसं झाली असतील. कुणाला सांगणार?"

"नवऱ्याला?"

"त्येला कळलं असतं तर दुसरी आणली असती."

अक्कानं तिला आडवं केलं, गर्भाशय किती खाली उतरलंय ते तपासलं, आणि मग ती बोलली. तिच्या रागाचं मला पहिल्यांदा भय वाटलं ते त्या दिवशी. "अव्वा, तुम्ही वीस वरसं चिंधी बसवलांव. तुम्हाला कुणी विचारलं न्हाई, त्याचा मला संताप हाय. पण तुम्हाला ठावं हाय ते दुखणं. आणि ते ठावं असून त्या पोरीला तुम्ही हाकललांव. तुम्ही सोसलं म्हणून तिनं घर सोडायचं?"

गौराबाई रडली नाही. लुगडं नीट केलं आणि म्हणाली, "मला ठावं होतं म्हणूनच भ्या वाटलं, बाई."

गौराबाई गेल्यावर अक्का माझ्याकडं वळली. "कमल, वही काढ."

मी मादन हिप्परग्याची वही काढली. कावेरीची ओळ होती. गरोदरपणाच्या तपासण्या सगळ्या पूर्ण, शेवटच्या रकान्यात माझ्या अक्षरात 'माहेरी गेली', आणि पुढं हिरवी खूण. हिरवी खूण म्हणजे काम संपलं.

"ही हिरवी खूण कशाची?"

"माहेरी गेली की बाळंतिणीच्या भेटी तिकडची आशा घेते. आपल्या यादीत ती संपते."

"माहेरी जाताना अंग सासरी ठिवून गेली व्हय ती?"

आमच्या पट्ट्यात निम्म्या सुना सीमेपलीकडच्या, अक्कलकोट नाहीतर उमरगा तालुक्यातल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत कुणी मोडत नाही. माझी सगळी वही हिरव्या खुणांनी भरलेली होती, आणि दर महिन्याच्या बैठकीत त्या वहीचं कौतुक व्हायचं.

रविवारी आम्ही दोघी कावेरीच्या माहेरी गेलो. जीपमधून जाताना राज्य बदललं ते रस्त्यावरच्या पाटीनं कळलं. रान तेच, तूर तीच, घरात बोलणंही तेच. कावेरी मागच्या दाराजवळ वेगळ्या पोत्यावर बसली होती. लेकरू आजीच्या कडेवर. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, पण मनगटं बारा वर्षांच्या मुलीची.

"जेवतीस का नीट?" अक्कानं विचारलं.

"दोनच घास खाते अक्का. न्हाई खाल्लं तर दिवस कोरडा जातोय."

जगाशी भांडणाऱ्या बाईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तिथल्या आशाताईला बोलावून घेतलं. ती बिचारी धावतच आली.

"तुझ्या यादीत हाय का ही?"

"न्हाई की अक्का. सासर कर्नाटकात हाय तिचं. तिकडं असंल."

मी माझ्या चपलांकडं बघत होते.

तपासून झाल्यावर अक्कानं कावेरीला खरं ते सांगितलं. "बाळंतपणात आतपर्यंत फाटलंय. वरवर शिवलंय, आतलं तसंच ऱ्हायलंय. माझ्या व्यायामानं शिवण होत न्हाई. आधी ऑपरेशन, मग मी."

"सगळे म्हणले पहिलटकरणीला व्हतंय असं, वरीसभर."

"कोण सगळे?"

कावेरीनं मोजायला सुरुवात केली. आई, मामी, टाके घालणारी नर्स, सासू, नवरा. अक्कानं तिचा हात धरून मोजणं थांबवलं.

ऑपरेशन कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात झालं. मोफत उपचाराचं कार्ड सासरचं होतं, म्हणून सासरच्या माणसानं न्यायला यावं लागलं. नवरा शिवानंद टाळाटाळ करत होता. शेवटी गौराबाई स्वतः गेली. तोवर तिला आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अंग वर धरणारी रबराची रिंग आत बसवून दिली होती आणि ती पाय जुळवून चालत होती. सुनेला घेऊन ती दर मंगळवारी यायची. दोघी शेजारी शेजारी आडव्या पडून आवळायच्या आणि सोडायच्या, आणि गौराबाई सुनेवर ओरडायची, "श्वास कोंडायलीस बग!" कावेरी पूर्ण बरी झाली असं मी लिहिणार नाही. जुलाब झाले तर अजून तिला भीती वाटते. पण ती चुलीजवळ बसते, पोटभर जेवते, आणि आपल्या घरात आहे.

अक्कानं मात्र ते प्रकरण संपवलं नाही. एका कागदावर तिनं दोन प्रश्न लिहिले. एक, खोकताना, हसताना, उठताना लघवी किंवा शौच सुटतं का? दोन, अंग खाली आल्यासारखं, बाहेर आल्यासारखं वाटतं का? बाळंतिणीच्या बेचाळिसाव्या दिवशीच्या भेटीच्या कार्डावर हे दोन प्रश्न छापा. बाई सासरी असो, माहेरी असो, ह्या राज्यात असो नाहीतर त्या, उत्तर लिहिल्याशिवाय तिची ओळ बंद करू नका. आणि जी 'हो' म्हणेल तिला पाठवायला प्रत्येक तालुक्यात एक माणूस आणि एक दिवस द्या. एवढंच मागणं. तो कागद घेऊन ती जिल्ह्याच्या बैठकीला गेली. याद्या धरायला मी बरोबर होते.

बैठकीत मोठमोठी माणसं होती. अक्कानं प्रश्न वाचून दाखवले तेव्हा मागच्या ओळीत कुणीतरी हसलं, आणि त्याच्या आधारानं आणखी दोघं हसले. तिची एक सवय होती. कुणी हसलं की ती बोलणं थांबवायची आणि हसणं पुरं संपेपर्यंत त्या माणसाकडं बघत उभी राहायची. ती उभी राहिली. हसणं संपलं. अध्यक्षस्थानी बसलेले अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, बाळ-बाळंतीण जिवंत आहेत का एवढं बघायलाच माणसं पुरत नाहीत. हे त्याच्या पुढचं झालं."

मग तिचं कन्नड सुरू झालं. त्याचं मराठी असं: "साहेब, म्हशीचं अंग बाहेर आलं तर एका फोनवर सरकारी डॉक्टर गोठ्यात येतो. हात घालून आत बसवतो, टाका घालतो, दोन दिवसांनी पुन्हा बघायला येतो. कुणी हसत नाही. कुणी म्हणत नाही की म्हैस जिवंत आहे तेवढं पुरे. बाईचं आलं तर चिंधी. मी म्हशीएवढंच मागतेय."

अधिकाऱ्यांनी कागद मागून घेतला. काही आठवड्यांनी उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. त्या एका वाक्याखाली सही होती, शिक्का होता.

मी कार्डाची वाट पाहिली नाही. माझ्या वीस गावांच्या वह्यांत हातानं दोन रकाने आखले आणि हिरवं पेन टाकून दिलं. आशाताई कुरकुरल्या. "बाई, असलं कसं विचारायचं?" अक्कानं त्यांना एक दिवस खोलीत बसवून आधी एकमेकींना विचारायला लावलं. त्यातच चौघींची उत्तरं 'हो' निघाली. मग गावांतून 'हो' यायला लागले. आकडा मी मुद्दाम लिहीत नाही. आकडा लिहिला की लोक एकतर 'एवढेच?' म्हणतात, नाहीतर 'एवढे कसे?' म्हणतात. बाईचं नाव विचारत नाहीत.

आणि त्याच सुमाराला अक्काची बदली झाली. ती करारावर होती, वर्षाच्या शेवटी नवा आदेश आला तो दुसऱ्या तालुक्याचा, लकव्याच्या रुग्णांसाठी. ते काम हलकं आहे असं कोण म्हणेल? पण तिच्या जागी कुणी आलं नाही. अजून आलेलं नाही. खोलीत आता औषधांची खोकी आहेत. मी दर महिन्याला 'हो' म्हणणाऱ्यांची यादी वर पाठवते, आणि दर महिन्याला वरून विचारणा येते की हे दोन रकाने कुठल्या आदेशानं आखलेत. मी उत्तर देते, गरजेनुसार. बायका मंगळवारी येतात, दाराशी थांबतात आणि परत जातात. निंबर्ग्याची एक बाई कडेवर लेकरू घेऊन तीनदा आली. तिसऱ्या वेळी मला म्हणाली, "विचारायचंच कशाला मग?" मला तिचं पटलं, आणि तरी मी विचारणं बंद करणार नाही.

मी अक्काला शेवटची पाहिली ती तिच्या इथल्या शेवटच्या मंगळवारी. त्या दिवशी तिनं कुणाला तपासलं नाही. जिनं जिनं 'हो' म्हटलं होतं त्या सगळ्यांना निरोप धाडला होता. व्हरांडा भरला. तिनं त्यांना तालुक्याच्या मोठ्या साहेबांच्या दारासमोर ओळीनं उभं केलं आणि स्वतः खांद्याला पिशवी अडकवून ओळीच्या बाजूला थांबली. साहेब वाईट माणूस नव्हे. 'वरून आलंय, मी काय करू' एवढं एकच वाक्य त्याला येतं.

पहिली गौराबाई आत गेली. न विचारता खुर्ची ओढून बसली आणि रान हाकायच्या आवाजात सांगू लागली, कुठं काय बाहेर येत होतं, किती वर्षं, आणि ह्या दवाखान्यात कुठल्या खोलीत ते थांबलं. साहेबांची मान खाली खाली जात होती.

"हे मॅडम सांगतील मला," ते म्हणाले. "तुम्ही कशाला त्रास घेता?"

"त्या कामून सांगतील? अंग माझं हाय," गौराबाई म्हणाली. "लिवा."

साहेबांनी मान वर करून दारातून बाहेर पाहिलं. ओळ जिन्यापर्यंत गेली होती. त्यांनी हाक मारली, "मॅडम, आत या ना तुम्ही. बसून बोलू. ह्या सगळ्यांना पाठवून द्या घरी."

महानंदाक्का जागची हलली नाही.

"माझी बदली झालीय, साहेब," ती बाहेरूनच म्हणाली. "ह्यांची झाली न्हाई."

आणि तिनं कावेरीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत ढकललं.